सिग्नल हिरवा, पुढे दरड : वेगवान गाडी रुळावरून कशी घसरते

४ जून २०२२ ची सकाळ. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात, गुइयांगहून ग्वांगचौला निघालेली डी-२८०९ ही वेगवान गाडी एका बोगद्याच्या तोंडाशी आली. तिथे डोंगरावरून सुटलेला चिखल रुळावर येऊन पसरला होता. काहीतरी बिनसलंय हे चालकाच्या लक्षात आलं आणि पाच सेकंदांत त्याने आणीबाणीचा ब्रेक लावला. तरीही गाडी नऊशे मीटरपेक्षा जास्त अंतर घसरत गेली आणि रोंगज्यांग स्टेशनात फलाटाला घासून थांबली. पुढचे डबे रुळावरून उतरले होते. आठ जण जखमी झाले. चालक वाचला नाही.

त्याने करायचं ते सगळं केलं होतं, वेळेत केलं होतं. तरी अपघात टळला नाही. असं का होतं, हे साताऱ्यात राहणाऱ्या माणसाने नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. सप्टेंबर २०२४ पासून पुणे–कोल्हापूर आणि पुणे–हुबळी या दोन वंदे भारत गाड्या आपल्या मार्गावरून धावतायत. लोणंद मागे पडलं की गाडी आदर्कीच्या घाटाला लागते आणि खिडकीबाहेर कापलेला डोंगर अगदी हाताशी येतो. वर काळा कातळ, मधे मुरूम, पायथ्याशी गवत. वाठारनंतर माळ सुरू होतो आणि मग कोरेगाव, रहिमतपूर, कराडपर्यंत डोंगर बऱ्यापैकी लांब राहतो. कोकण रेल्वेइतका दरडीचा धोका या मार्गावर नाही, हे आधीच सांगतो. उगाच कुणाच्या मनात भीती घालायची नाही. पण धोका कमी आहे म्हणून विषय आपला नाही, असंही नाही. ते का, ते पुढे येईलच.

सिग्नलला माती दिसत नाही

पुष्कळ लोकांची समजूत असते की रुळावर काही आलं तर सिग्नल आपोआप लाल होत असेल. तसं होत नाही.

रुळांमधून एक हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस यांच्यामुळे दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जातात, प्रवाहाची वाट बदलते आणि यंत्रणेला कळतं की या टप्प्यात गाडी आहे. मग मागून येणाऱ्या गाडीसाठी सिग्नल लाल होतो. काही ठिकाणी हेच काम चाकं मोजणारं यंत्र करतं. रेल्वेतली माणसं त्याला ॲक्सल काउंटर म्हणतात. रूळ तुटला तर प्रवाहाच्या पद्धतीत ते बऱ्याचदा लक्षात येतं. पण रूळ धडधाकट आहेत आणि त्यांच्यावर दोन फूट मुरूम येऊन बसलाय, अशा वेळी यंत्रणेच्या लेखी रस्ता मोकळाच असतो. सिग्नल हिरवाच राहतो.

'कवच' या आपल्या रेल्वेच्या स्वयंचलित सुरक्षा यंत्रणेचंही तेच. लाल सिग्नल ओलांडू न देणं, दोन गाड्यांची टक्कर होऊ न देणं, ठरलेल्या वेगाबाहेर गेलेल्या गाडीला ब्रेक लावणं ही त्याची कामं, आणि ती फार मोलाची आहेत. रुळावर आडवा पडलेला धोंडा ओळखणं हे त्याचं काम नाही. कुठलाही मोठा अपघात झाला की 'कवच असतं तर वाचले असते' असं लगेच लिहिलं जातं. दरडीच्या बाबतीत ते लागू पडत नाही.

तीन सेंटिमीटरांचा आधार

रेल्वेचं चाक रुळावर कशाने टिकतं, तर त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या कडेने. तिला फ्लँज म्हणतात. आपल्याकडे नव्या चाकाच्या फ्लँजची उंची २८.५ मिलिमीटर असते. म्हणजे शेकडो टनांची गाडी वळणावर रूळ सोडत नाही ती तीन सेंटिमीटरसुद्धा नसलेल्या या कडेच्या जोरावर. चाकाखाली दगड आला, किंवा चिखलाचा घट्ट थर दाबला जाऊन चाक तेवढं वर उचललं गेलं, की फ्लँज रुळावर चढतो आणि पलीकडे उतरतो. त्यानंतर गाडी कुठे जायचं हे चाक ठरवत नाही. खडी, स्लीपर, शेजारचा रूळ, पुलाचा कठडा, जे आडवं येईल ते ठरवतं.

गाडीचा पुढचा भाग जितका हलका, तितका तो उचलला जायला सोपा. ब्रिटनमध्ये पोलमाँट इथे ३० जुलै १९८४ ला एका गाईला धडकून गाडी घसरली आणि १३ माणसं गेली. त्या गाडीचं इंजिन मागे होतं आणि पुढे हलका डबा. तेव्हापासून अशा गाड्यांच्या पुढच्या भागाचं वजन आणि समोरचा अडथळा बाजूला ढकलणारी मजबूत पट्टी यांच्याकडे तिथे फार काटेकोरपणे पाहिलं जातं. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेत म्हशींना धडकून वंदे भारतचं नाक फुटलं, तेव्हा आपल्याकडे गाडीच्या मजबुतीवर खूप बोललं गेलं. नाकावरचं ते आवरण धडक सोसण्यासाठी नसतंच. त्याच्या मागची आणि खालची चौकट महत्त्वाची. म्हैस बाजूला फेकली जाते, हे खरं. पंचवीस-तीस फूट लांबीभर पसरलेला मुरूम मात्र कुठलीही पट्टी बाजूला ढकलू शकत नाही.

ब्रेकचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. शाळेत शिकलेलं एक साधं गणित इथे उपयोगी पडतं: थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट.

समजा, आणीबाणीचा ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो. चांगल्या ब्रेकच्या गाडीला हे जमतं. इंजिनाने ओढलेल्या लांबलचक एक्स्प्रेसला याहून जास्त अंतर लागतं आणि रूळ ओले असतील तर आणखी जास्त. या हिशेबाने ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे ६० मीटरांत थांबते. ताशी ७५ ची सुमारे २२० मीटरांत. ताशी ११० ची जवळपास ४७० मीटरांत. ताशी १६० ची, म्हणजे वंदे भारतच्या कमाल वेगाची गाडी, सुमारे एक किलोमीटर जाते. ताशी ३०० वेगाने धावणाऱ्या गाडीला साडेतीन किलोमीटरच्या आसपास लागतात. यात चालकाने पाहणं, ओळखणं आणि हात हलवणं यातले सेकंद धरलेले नाहीत. ताशी १६० ला एका सेकंदात ४४ मीटर निघून जातात.

आता घाटातलं वळण डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला डोंगर, पुढे बोगदा. चालकाला दोन-तीनशे मीटर दिसले तरी पुष्कळ. रात्र असेल, पाऊस मुसळधार असेल तर तेवढंही नाही. म्हणजे ताशी ७५ ला दिसल्यावर थांबण्याची निदान शक्यता आहे. ताशी ११० ला ती नाही. १६० ला तर प्रश्नच नाही. चालकाला दरड दिसेल तेव्हा त्याच्या हातात फक्त धडकेचा जोर कमी करणं उरलेलं असतं. ग्वेइचौच्या त्या चालकाने नेमकं तेच केलं.

कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्या 'मुद्दाम रडतखडत' चालवतात अशी तक्रार चिपळूणला जाणारे आपल्याकडचे लोकही करतात. तिथे पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, डोंगर कापलेल्या भागात वेग साधारण ७५ वर आणला जातो आणि पावसाने समोरचं दिसेनासं झालं तर ४० वर. वरचा हिशेब पुन्हा वाचा, म्हणजे हे आकडे कुठून आले ते कळेल. ते हवेतून आलेले नाहीत. २२ जून २००३ ला सिंधुदुर्गात वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीतली खास गाडी दरडीवर आदळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. वर्षही उलटलं नव्हतं तोवर, १६ जून २००४ ला महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या दगडांना धडकून पुलावरून खाली गेली. हे दोन अपघात सोसल्यावर गाड्या हळू चालवण्याचे नियम कडक झाले. उशीर होतो हे खरं आहे. त्या उशिराची किंमत मला कधीच जास्त वाटली नाही.

डोंगर का सुटतो

बांधकामावर वाळूचा ढीग पाहिलाय ना? कोरडी वाळू एका ठराविक उतारापलीकडे उभी राहत नाही. थोडी ओली केली की तिचे किल्ले होतात. त्याच ढिगात पाण्याची नळी खुपसून ठेवली की मात्र सगळा ढीग पसरतो. पाणी थोडं असताना कण धरून ठेवतं. कणांमधल्या सगळ्या फटी भरल्या की तेच पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं. कणांचं एकमेकांवर घासणं कमी होतं आणि उतार टिकतो तो त्या घासण्यावरच. अभियंते याला छिद्रजलाचा दाब म्हणतात. पावसाने माती 'जड' होते म्हणून ती घसरते, हे अर्धंच खरं. ती आतून सुटी होते, हे जास्त खरं.

आपल्या सह्याद्रीत याला आणखी एक जोड आहे. हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. दोन थरांच्या मधे ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. घाटातल्या कापलेल्या कड्यात तो विटकरी रंगाची आडवी रेघ बनून स्पष्ट दिसतो. आदर्की, खंबाटकी, पसरणी, कुठेही नीट पाहिलं तर सापडेल. वरच्या काळ्या दगडाच्या भेगांमधून पाणी खाली उतरतं, या तांबड्या थराशी अडतं आणि आडवं वाहायला लागतं. हा थर ओला झाला की मऊ होतो, झिजतो, आणि वरचा कातळ आधाराविना लटकतो. वर जिथे मुरमाचा जाड थर आहे, तिथे मुरूम आणि कातळ यांच्या सांध्यावर पाणी साठून अख्खा थर खाली येतो.

रेल्वे किंवा रस्ता करताना आपण उताराचा पायथा कापतो. डोंगराने हजारो वर्षांत जो उतार धरलेला असतो, तो एका हंगामात उभा करतो. पहिली काही वर्षं तो टिकतोही. मग भेगांत मुळं शिरतात, मुरूम झिजतो, आणि एखाद्या पावसात हिशेब चुकता होतो. हे एका दिवसाच्या पावसाचं काम नसतं. आधीच्या आठवडाभरात किती मुरलं आणि आज तासाला किती पडतोय, या दोन्हींवर ते ठरतं. जपानमध्ये रेल्वेमार्गाच्या कडेला पर्जन्यमापक बसवलेले असतात आणि तासाचा पाऊस व साचत गेलेला पाऊस दोन्ही पाहून, ठरलेली मर्यादा ओलांडली की गाड्या हळू करतात किंवा थांबवतात. डोंगर अजून जागचा हललेला नसतो, तरी थांबवतात. मला यातला हा भाग फार शहाणपणाचा वाटतो.

कारमाँटची नाली

या विषयात एकच अपघात बारकाईने वाचायचा असेल तर तो स्कॉटलंडमधला, स्टोनहेवनजवळच्या कारमाँटचा. १२ ऑगस्ट २०२० चा. तिथल्या तपासणी मंडळाने मार्च २०२२ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल दिला आणि त्यातून जे पुढे आलं ते थेट आपल्या कामाचं आहे.

सकाळी ॲबर्डीनहून ग्लासगोला निघालेली गाडी पुढे दरड आल्यामुळे कारमाँटला थांबवली गेली. दोन तासांहून जास्त ती उभी होती. शेवटी तिला परत फिरवायचं ठरलं. निघण्यापूर्वी चालकाने विचारलं होतं की स्टोनहेवनपर्यंत वेग कमी ठेवायचा का. नेहमीच्या वेगाने जायला हरकत नाही असं त्याला सांगितलं गेलं. त्या भागात कमाल वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर होता आणि गाडी ११७ च्या वेगात होती, म्हणजे नियमातच. सव्वादोन किलोमीटर गेल्यावर रुळावर खडी-माती आडवी आली. गाडी घसरली, पुढे पूल होता, त्याच्या कठड्यावर आदळली. गाडीत फक्त नऊ जण होते. चालक, गार्ड आणि एक प्रवासी, असे तिघे गेले. बाकी सहाही जखमी झाले.

रुळावर आलेली ती खडी डोंगराची नव्हती, ती नालीची होती. कापलेल्या उताराच्या वरच्या अंगाला पाणी अडवून बाजूला नेणारी नाली काढतात. आपल्याकडे रेल्वेत तिला कॅच वॉटर ड्रेन म्हणतात. कारमाँटला २०११-१२ च्या सुमारास अशी नाली बांधली होती: जमिनीत चर, चरात भोकं असलेला पाइप, वरून खडी. पण ठेकेदाराने ती नकाशाप्रमाणे बांधली नाही. शिवाय वरच्या बाजूला मातीचा एक बांध घातला गेला, जो मूळ आराखड्यात नव्हता. या बांधामुळे आजूबाजूच्या उतारावर पसरून वाहणारं पाणी एका जागी गोळा होऊन थेट चरावर येऊ लागलं. आणि नाली बांधून झाल्यावर तिची नोंद देखभालीच्या यादीत गेलीच नाही, म्हणून वरचा भाग कुणी तपासलाही नाही. त्या सकाळी तीन तासांत ५१.५ मिलिमीटर पाऊस पडला, पाण्याने चरातली खडी उपसली आणि रुळावर आणून टाकली. देखभालीची जबाबदारी असलेल्या नेटवर्क रेलला २०२३ मध्ये ६७ लाख पौंडांचा दंड झाला.

५१.५ मिलिमीटर! २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला होता. आपल्याला तो स्कॉटलंडचा पाऊस म्हणजे काहीच वाटणार नाही. पण उतार आणि नाल्या त्या-त्या ठिकाणच्या नेहमीच्या पावसाला सरावलेल्या असतात. कारमाँटच्या भागात महिन्याला पडतो त्यातला बराचसा पाऊस तीन तासांत आला. लोणंद-आदर्कीचा पट्टा कमी पावसाचा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणूनच तिथे एखाद्या दुपारी ढगफुटीसारखा पाऊस आला, तर तिथली नाली, तिथली मोरी तेवढ्या पाण्यासाठी कधीच तपासली गेलेली नसेल. धोका कमी असूनही विषय आपलाच, असं मी वर म्हटलं ते यासाठी.

आणि कारमाँट एकटं नाही. इटलीत मेरानोजवळ १२ एप्रिल २०१० ला एका छोट्या प्रवासी गाडीवर दरड येऊन नऊ जण गेले; वरच्या शेतीला पाणी देणाऱ्या यंत्रणेतून गळती होऊन उतार भिजला होता. जर्मनीत रीडलिंगनजवळ २७ जुलै २०२५ ला गाडी घसरून तिघे गेले. मुसळधार पावसात सांडपाण्याचा एक चेंबर भरून वाहिला आणि ते पाणी रुळालगतच्या उतारात शिरलं. तिन्ही ठिकाणी पाण्याची वाट माणसाने वळवलेली होती. आपल्या घाटमाथ्यावर आज उताराच्या वर प्लॉटिंग होतंय, फार्महाऊसचे रस्ते कापले जातायत, पाइपलाइनी टाकल्या जातायत, शेततळी खोदली जातायत. खालून रेल्वे जाते की रस्ता, याचा विचार वरच्या बांधावरच्या माणसाच्या मनात यावा कसा? तो कुणीतरी त्याला सांगायला हवा.

फटाके आणि लाल कंदील

मग आपल्याकडे संरक्षण कशाचं असतं? मुख्यतः चालणाऱ्या माणसांचं. पावसाळ्यात ठरलेल्या टप्प्यात रात्रंदिवस गस्त घालणारे पेट्रोलमन असतात. धोक्याच्या जागी एकाच ठिकाणी बसून लक्ष ठेवणारे वॉचमन असतात. बोरघाटात हिल गँग नावाची खास माणसं असतात, जी उन्हाळ्यातच कड्यावर चढून सैल झालेले धोंडे हेरतात आणि गाड्या थांबवून ते खाली पाडतात. ठिकठिकाणी पोलादी जाळ्या लावतात, जाळीत दगड भरून भिंती उभ्या करतात.

गस्तीवरच्या माणसाला रुळावर दरड दिसली की त्याने काय करायचं, हे पक्कं ठरलेलं आहे. तिथे लाल दिवा लावायचा आणि गाडी ज्या बाजूने यायची त्या बाजूला पळायचं. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा. रेल्वेत त्याला डेटोनेटर म्हणतात. चाक वरून गेलं की तो मोठ्याने फुटतो आणि चालकाला थांबावंच लागतं. मग आणखी पळायचं आणि १२०० मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने, तीन फटाके बांधायचे. ब्रेकच्या हिशेबाशी हे अंतर जुळवून पाहा. पण ते १२०० मीटर ओल्या खडीवरून, अंधारात, पावसात, पाठीवर सामान घेऊन पळायचे असतात. दोन गाड्यांमधलं अंतर कमी झालं, वेग वाढला, की या माणसाला मिळणारा वेळ आटत जातो. वेगवान गाडीचं कौतुक करताना या माणसाच्या बुटांचा, बॅटरीचा, मोबाइलच्या रेंजचा विचार त्याच दमात व्हायला हवा.

दुसरं संरक्षण कॉशन ऑर्डरचं. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत अमुक वेगाने जा, असा लेखी आदेश चालकाला मिळतो. कारमाँटला नेमकी हीच एक गोष्ट झाली नाही. पाऊस दिसत होता, आसपास दरडी आल्या होत्या, तरी वेग कमी करण्याचा आदेश निघाला नाही. गाडीच्या वेगामुळे दरड कोसळत नाही, हे उघड आहे. पण दरड आल्यावर माणसं मरतात की हादरून बाहेर येतात, हे वेग ठरवतो.

तारेचं कुंपण हा एक तांत्रिक उपाय आहे. धोंडा पडून तार तुटली की सिग्नल लाल होतो. तो मोजक्या जागांसाठी चांगला, शेकडो किलोमीटरसाठी नाही. रुळालगतच्या फायबर केबलमधून जमिनीचा थरथराट ऐकण्याचे प्रयोगही जगभर चालू आहेत. ते पुढे जावेत. पण नाली साफ करायला त्यांची वाट पाहायची गरज नाही.

गाडी घसरल्यानंतर काय होतं, हाही नशिबापेक्षा रचनेचा भाग असतो. २१ डिसेंबर १९९३ ला फ्रान्समध्ये एक टीजीव्ही, म्हणजे तिथली अतिवेगवान गाडी, ताशी २९४ किलोमीटर वेगात घसरली. पहिल्या महायुद्धातल्या जुन्या खंदकांची पोकळी पावसाने रुळाखाली खचली होती. गाडीतल्या सुमारे दोनशे प्रवाशांपैकी एकाला किरकोळ दुखापत झाली. टीजीव्हीच्या शेजारच्या दोन डब्यांची टोकं चाकांच्या एकाच सांगाड्यावर बसवलेली असतात, त्यामुळे डबे एकमेकांवर चढले नाहीत, गाडी सरळ रेषेत घसरत थांबली. पुढे पूल किंवा बोगद्याची भिंत नव्हती, हेही तितकंच खरं.

आपल्या डोंगराकडे पाहताना

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर उतरून घरांवर आला. ते सगळं आपण पाहिलंय. ज्याची मागणी होतेय तो कराड–चिपळूण रेल्वेमार्ग त्याच तालुक्यातून जातो. तो मार्ग व्हावा असं मलाही वाटतं. कोकण आणि देश जोडला गेला तर दोन्हीकडच्या माणसांचं भलं आहे. पण त्याच्या सभांमध्ये किती स्टेशनं आणि कुठे, यावरच भांडणं होतात. कापलेल्या उताराच्या वर नाली कुठून जाणार, ती कोण साफ करणार, तिची नोंद कुणाच्या वहीत राहणार, पर्जन्यमापक किती अंतरावर बसणार आणि किती मिलिमीटरला गाडी थांबणार, हे प्रश्न तिथे मी अजून ऐकले नाहीत. जमीन मोजायला माणसं येतील त्याच दिवशी ते विचारले पाहिजेत.

रुळालगत राहणाऱ्यांनी काही खुणा ओळखून ठेवाव्यात. उताराच्या माथ्यावर नवी भेग पडली, विजेचा खांब किंवा झाड अचानक कललं, नेहमी नितळ असणारा झरा गढूळ वाहू लागला, किंवा भर पावसात वाहता झरा एकाएकी आटला, तर डोंगर आतून हलतोय असं समजावं. जवळच्या स्टेशन मास्तरला, फाटकावरच्या गेटमनला सांगावं किंवा १३९ वर फोन करावा. फोनवर गावाचं नाव सांगून भागत नाही. रुळाच्या कडेला किलोमीटरचे आणि खांबांवर क्रमांकाचे फलक असतात, ते वाचून सांगितले की नियंत्रण कक्षाला नेमकी जागा कळते. उन्हाळ्यात एकदा जाऊन आपल्या शेताजवळच्या खांबाचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवायला काहीच जात नाही.

आणि आपण स्वतः अशा गाडीत असलो तर? डबा हादरून थांबल्यावर लगेच दार उघडून उडी मारू नका. वरची तार २५,००० व्होल्टची असते आणि ती तुटून खाली लोंबत असू शकते. दुहेरी मार्गावर शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येत असू शकते. तिला थांबवण्यासाठी इंजिनावरचा पिवळा दिवा उघडझाप करत ठेवतात आणि गार्ड फटाके घेऊन धावतो, पण त्याला काही मिनिटं लागतात. गाडीच्या कर्मचाऱ्याने सांगेपर्यंत डब्यातच थांबा. डब्यात पाणी किंवा धूर शिरत असेल आणि उतरावंच लागलं, तर शेजारच्या रुळाच्या उलट बाजूने उतरा, आणि जिथून माती सुटली त्या उताराखाली थांबू नका. पहिल्या दरडीमागून दुसरी येते, आणि ती बहुतेक वेळा तिथूनच येते.